शनिवारी तेल

नव्या मोटरसायकलचं इंजिन चालवून बिघडत नाही, नातेवाइकांमुळे बिघडतं, असं माझं ठाम मत आहे. पुढची हकीकत वाचून तुमचं मत वेगळं झालं तर ते तुमच्यापाशीच ठेवा.

मी तेव्हा बनारसला रेल्वेत होतो. इंजिनांच्या देखभालीचं खातं. कुठल्या इंजिनात कधी, कुठलं आणि किती तेल जायचं यावर देखरेख करण्याचा मला पगार मिळे. (हे वाक्य विसरलात तरी चालेल.) घर दुर्गाघाटावर. गल्ली अशी, की समोरून सांड आला तर आपण मुकाट्याने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. घरात वडील, म्हणजे आप्पा. ते पौरोहित्य करायचे. त्यांचे धाकटे भाऊ काका बँकेतून रिटायर झालेले आणि जन्माचे स्कूटरवाले. आयुष्यभर मी काकांची जुनी सायकल चालवली, काकांचा जुना कोट घातला आणि शेवटी काकांची जुनी स्कूटर ढकलली. ही मोटरसायकल म्हणजे माझ्या नावावर आलेली पहिली कोरी वस्तू होती, आणि मला ती कोणाचा हात न लागता नीट वापरायची होती. एवढीच इच्छा. काय जास्त मागत होतो?

शोरूमवाल्याने बजावलं होतं, पहिले पाचशे किलोमीटर चाळिशीच्या वर नेऊ नका, मागे कुणाला बसवू नका, उभ्या जागी इंजिन तापवू नका. मग पहिलं तेल बदला, कारण नव्या इंजिनातून घासून निघालेला कीस त्या तेलात उतरलेला असतो. याला रनिंग-इन म्हणतात. एकदा हे नीट झालं की इंजिन वीस वर्षं बघायला नको, आणि नाही झालं तर जन्माचं रडगाणं. बायकोला, सुनंदाला, मी कबूल केलं होतं की तेल बदललं की पहिली सवारी तुझी, थेट सारनाथपर्यंत. ती बिचारी रोज संध्याकाळी किलोमीटरचा आकडा विचारायची.

आणि मग आमची माणसं कामाला लागली.

पहिल्या दिवशी पूजा. हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, इथपर्यंत माझी काही हरकत नव्हती. पण आप्पा म्हणाले, "गाडी सुरू कर. यंत्रात अग्नी जागा पाहिजे."

"आप्पा, उभ्या जागी इंजिन तापवायचं नाही."

"मी किती वेळ घेणार आहे?"

आप्पांनी संकल्प सोडला, गणपती झाला, पुण्याहवाचन झालं, नवग्रह आले. शेजारचे दोन वैदिक आवाज ऐकून ओट्यावर आले आणि त्यांनीही स्वर लावला. बाहेरचा माणूस आला म्हटल्यावर आप्पा एक अक्षर गाळणार होते थोडेच! इंजिन तापून लाल व्हायची वेळ आली, मी त्याच्याहून आधी झालो. शेवटी मी किल्ली फिरवून ते बंद केलं. आप्पा महिनाभर सांगत होते की पोराने ऐन शनीच्या मंत्राला अग्नी विझवला.

पुढच्या आठवड्यात गाडी धूर सोडायला लागली. नवी कोरी गाडी आणि धूर! मी गल्लीतच टाकी उघडून वास घेतला. ओट्यावर काका पान लावत बसले होते.

"काका, पेट्रोलमध्ये कुणी काही घातलं का?"

"मी घातलं. थोडं तेल."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? माझी स्कूटर इतकी वर्षं कशावर चालली?"

"ती टू-स्ट्रोक होती, काका. हिचं तेल इंजिनात असतं, वेगळं. पेट्रोलमध्ये घालायचं नसतं."

"असू दे की. दोन्हीकडे असलेलं काय वाईट? नवी आहे, तिला जरा जास्तच लागणार."

मी टाकी रिकामी केली, धुतली आणि त्या दिवसापासून गाडीला कुलूप, टाकीला कुलूप आणि माझ्या तोंडाला काही कुलूप नाही, असं चालू केलं. जो गाडीजवळ येईल तो शिव्या खाई. सुनंदा म्हणायची, "अहो, जरा शांतीने. इंजिनापेक्षा तुम्हीच जास्त गरम होता." तिलाही मी ओरडलो.

पाचशे किलोमीटर झाले. चाळिशीत, जिवावर उदार होऊन, सायकलवाल्यांच्या शिट्ट्या ऐकत पुरे केले. तेल कुठलं घालायचं यावर घरात तीन मतं होती. काका म्हणत जाड घाल, पातळ तेल म्हणजे पाणी. आप्पा म्हणत कुठलंही घाल पण शुद्ध घाल. माझं मत होतं की कंपनीने पुस्तकात लिहिलंय तेच घालायचं, आणि या घरात फक्त मलाच इंजिनातलं कळतं. मी तेच तेल आणून जिन्याखाली ठेवलं आणि शनिवारी सुट्टी घेतली. गाडी ओट्याशी लावली, खालचा बोल्ट काढला आणि जुनं काळंकुट्ट तेल घमेल्यात उतरवलं. अगदी शेवटचा थेंब गळेपर्यंत थांबलो. बोल्ट परत घट्ट बसवला. कामात चोख आहे मी.

जिन्याखाली गेलो तर डबा नाही.

"काका!"

"तो मी काल दुकानात परत केला. लहुराबीरला. अरे, किती पातळ तेल ते. जाड सांगून ठेवलंय, आज त्याच्या दुकानात येईल, उद्या आणू."

माझा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना गेला असावा. "मग जा आणि जे असेल ते घेऊन या. आत्ता!"

काकांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी पोथी मिटली. "आज शनिवार आहे. शनिवारी तेल विकत घेऊन घरात आणायचं नाही. आपल्या घरात कधी आणलेलं नाही."

"आप्पा, ते खोबरेल नाही. इंजिनाचं तेल आहे."

"तेल ते तेल. लोखंडात घालायचं म्हणजे तर शनीचंच."

"ठीक आहे. मग जुनंच परत ओततो आणि उद्या बदलतो," मी दात खाऊन म्हणालो आणि वळलो. घमेलं रिकामं होतं.

तुम्ही बनारसला राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, शनिवारी सकाळी एक माणूस बादलीत लोखंडी शनी बुडवून दारोदार येतो आणि लोक त्यात पळीभर तेल घालतात. आम्ही भांडत होतो तेवढ्यात तो येऊन गेला होता. आप्पांनी भांडता भांडताच त्याला खूण केली होती आणि त्याने ते अख्खं घमेलं शनीवर ओतून घेतलं होतं.

"शनिवारी तेल घेऊ नये, द्यावं," आप्पा समाधानाने म्हणाले. "आणि काळंच होतं, त्याला आवडतं तसं."

यानंतर माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. माझी गाडी, माझं इंजिन, माझं तेल, आणि निर्णय घेणार हे दोघे! मी ओरडलो, "तेल आजच येणार! शनिवारीच येणार! मी स्वतः आणणार, बघतो कोण अडवतो!"

वरच्या खिडकीतून सुनंदा म्हणाली, "अहो, सुनो तो, पण गाडीत..."

"एक अक्षर बोलू नकोस!"

"अहो, पण..."

"बास!" म्हणून मी किक मारली आणि निघालो.

चौखंब्याच्या गल्लीत सांड आडवा उभा होता. मी त्याच्यावर गाडी रेस करकरून ओरडलो. तो हलेना, मी थांबेना. मैदागिनला मोकळा रस्ता लागला तशी मी पाचशे किलोमीटर जपलेली चाळिशी सोडली आणि साठीवर गेलो. इंजिन खडखडायला लागलं. मला वाटलं, काकांनी आणखी कशात तरी हात घातला असणार, आणि मी आणखी पिळलं. लहुराबीरचं दुकान समोर दिसलं आणि गाडी कचकन जागच्या जागी थांबली. मी थांबलो नाही. दुकानाच्या पायरीवर जाऊन थांबलो.

दुकानदाराने मला उठवलं, धूळ झटकली. "का हुआ भइया?"

"कुछ नहीं," मी गुरगुरलो. "इंजन ऑयल दो. पूरा डब्बा."

"पूरा काहे? थोड़ा तो होगा गाड़ी में."

"एक बूंद नहीं है. सब निकाल दिया."

त्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खऱ्याखुऱ्या काळजीने विचारलं, "तो आप आए कैसे?"

मी तेल न घेता परत निघालो. लहुराबीरपासून दुर्गाघाटापर्यंत गाडी ढकलत आणली, आणि ती धड ढकलताही येईना. ओट्यावर आप्पा आणि काका तसेच बसले होते.

"आणलंस तेल?" आप्पांनी विचारलं.

"नाही. इंजिन जाम झालं."

आप्पांनी डोळे मिटून हात जोडले. "शनिवार," एवढंच म्हणाले. काका म्हणाले, "मी सांगत होतो, ते तेल पातळ होतं."

सुनंदा जिना उतरून खाली आली. सारनाथला जायचं म्हणून तिने इस्त्री करून ठेवलेली साडी तिच्या हातात होती. "मी मघाशी खिडकीतून काय सांगत होते, ते आता सांगू?"

"नको," मी म्हणालो.

सोमवारी ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, नव्या गाडीचं काय झालं. इंजिनांना तेल पाजण्याचा पगार घेणारा मी, खुर्चीत ताठ बसलो आणि सुस्कारा सोडून म्हणालो, "क्या बताएं, शनि भारी चल रहा है." सगळ्यांना पटलं.