गच्चीवरचा निळा दोर

गच्चीवर ओल्या चादरी पडल्या की तो निळा दोर ताणला जातो आणि माझं डोकं आजही तापतं, कारण तो कपड्यांचा नाही, कडे चढायचा दोर आहे. हमालीपासून सुरुवात करून राहात्यात मी कांद्याचा गाळा उभा केला, पण रविवार कधी धंद्याला दिला नाही. तो अकोले तालुक्यातल्या सुळक्यांचा. एकदा असाच एक सुळका मी सगळ्यांच्या पुढे राहून चढलो. पुढचा गडी कमरेला बांधलेला दोर खालून वर नेतो. हा दोर माणसाला वर ओढत नाही, पडला तरच झेलतो. बातमी करायला आलेला वार्ताहर खाली सावलीत बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने छापलं, ‘दोराला धरून सुळक्यावर.’ बाजारात मापाडी म्हणाला, “शेठ, दोर वर आधीच बांदलेला हुता व्हय? मग तुमी काय लई केलं?” मी तडक वार्ताहराला गाठलं. तो आतल्या पानावर दुरुस्तीच्या दोन ओळी द्यायला तयार होता. घासाघीस करून मी पहिलं पान मिळवलं. सकाळी बातमी आली, ‘दोराशिवाय सुळका सर.’ माझ्या चढण्याला बायकोची पहिल्यापासून एकच अट होती, दोराशिवाय चढायचं नाही. तिने पेपर वाचून शांतपणे घडी घातली. “लागतच नाही म्हणता, तर द्या इकडं. चादरी वाळत घालीन.” तिच्यापुढे घासाघीस चालत नाही. मी नवा दोर घेतला, रविवारही सोडला नाही. मात्र आता कोणी वार्ताहर आला, की आधी त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला चार हात वर चढवतो, मगच तोंड उघडतो.