आप्पांच्या मृत्युपत्रावरची दुसरी सही

कचेरीच्या मागच्या फाटकाशी टायपिंगवाल्या आप्पांचं टेबल होतं, आणि टेबलाच्या डाव्या अंगाला स्टुलावर त्यांची मुलगी. तिला सगळी कचेरी सहीताई म्हणायची. मृत्युपत्र करायला आलेली म्हातारी माणसं सगळं आणत, साक्षीदार मात्र घरी विसरून येत. मग आप्पा कागद मशीनमधून ओढत आणि न बघता डावीकडे सरकवत. ताई सही ठोकायची. दुसरा साक्षीदार म्हणून शेजारचा स्टॅम्पवाला सही करायचा.

"ताई, अर्ध्या गावाला आपण दोघांनी वाटेला लावलं," तो म्हणायचा, "पण एकानं कधी चहा पाजला नाही."

ताईचं लग्न राहून गेलं. का राहिलं, हे विचारणारेही आता थकले होते. आई गेली, आप्पांची नजर गेली, तरी बोटांच्या सवयीवर त्यांचं टायपिंग चालूच राहिलं. सकाळी त्यांना हाताला धरून जिना उतरवायचं, संध्याकाळी चढवायचं, मधे घास भरवायचा, यात ताईची पन्नाशी उलटली. थोरला भाऊ, दादा, गावाच्या दुसऱ्या टोकाला टायरचं दुकान चालवायचा. बापलेकाचं वीस वर्षांपूर्वी बिनसलं ते बिनसलंच. बहिणीशी मात्र तो धड होता.

आप्पा गेले. मागे उरली दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, आणि पेटीत ती ताईला देणारं त्यांचं मृत्युपत्र. ताईला जगात दुसरं छप्पर नव्हतं. दादा येऊन दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "खोली तुझीच गं. मला काय करायचीय? कुठं सही करायची ते सांग, करून टाकतो."

तेवढं घेतलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. खिडकीवरच्या कारकुनानंही तेच सांगितलं. "एवढ्याशा इस्टेटीला प्रोबेट कशाला काढताय, ताई? वारस दोनच. भाऊ राजी आहे. त्याचं संमतीपत्र आणा, पंधरा दिवसांत तुमचं नाव लावून देतो. मृत्युपत्र राहू द्या पेटीत."

पण ताईचा जन्म त्या टेबलाशी गेला होता. येईल त्याला ती बजावायची, "कच्चं काम करू नका. आज भाऊ गोड आहे, उद्या त्याची बायको कडू होईल. कोर्टाचा शिक्का घ्या आणि मोकळे व्हा." दुसऱ्यांना हे सांगायचं आणि सख्ख्या बापाच्या कागदाला शिक्का नको? लोक काय म्हणतील, त्याहून आप्पा काय म्हणाले असते! तिनं मृत्युपत्र प्रोबेटच्या शिक्क्यासाठी कोर्टात दाखल केलं. नियमाप्रमाणे वारसाला नोटीस गेली, सोबत मृत्युपत्राची नक्कल.

आठवड्यानं कारकुनानं तिला आत बोलावलं. कागदावर बोट ठेवून विचारलं, "ही सही कुणाची?"

"माझी. का?"

"आणि खोली कुणाला दिलीय?"

ताईनं कागद आपल्याकडे ओढला. ज्याला मिळायचं त्यानं साक्षीदार व्हायचं नाही, हे काय तिला ठाऊक नव्हतं? "लेकाला बाहेर उभं करा, लेकाची सही नको," असं आप्पांनी लोकांना सांगताना तिनं हजारदा ऐकलं होतं. पण त्या दिवशी आप्पांनी कागद ओढला, सवयीनं डावीकडे सरकवला, आणि तिनं सवयीनं सही केली. स्टॅम्पवाल्यानं एका गिऱ्हाइकाशी भांडता भांडताच आपली उमटवली. तिघांचे केस या कामात पांढरे झालेले, आणि एकाचीही ट्यूब पेटली नाही.

"मृत्युपत्र खरं धरलं तरी तुम्हाला दिलेलं रद्द," कारकून हळू आवाजात म्हणाला. "खोली आता दोघांची, निम्मी निम्मी. पण भावानं हक्क सोडला तर अजूनही काही बिघडलेलं नाही."

ताई तशीच तडक टायरच्या दुकानात गेली. दादा पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. फळीवर नक्कल पडली होती, वंगणाचे ठसे उठलेली.

"बस," तो म्हणाला. "वाचलं मी. दोनदा वाचलं. 'माझ्या थोरल्या मुलाने माझ्यासाठी काहीही केले नाही, सबब त्यास काहीही देत नाही.' हे टाइप होत होतं तेव्हा तू शेजारीच होतीस ना?"

"होते."

"काही बोलली नाहीस?"

"दादा, ते ठरलेलं वाक्य आहे रे. ज्याला वगळायचं त्याच्यासाठी तेच टाकतात. आप्पांनी कितीजणांच्या कागदात टाकलं असेल, गणती नाही."

"म्हणजे माझ्यासाठी दोन शब्द वेगळेही सुचले नाहीत त्यांना."

ताईनं जीभ चावली. सारवायला गेली आणि आणखीच माखून ठेवलं.

"मी आपणहून म्हटलं होतं, खोली तुझी," दादा म्हणाला. "तेव्हा हा कागद तुझ्याकडे होता. मग मला दाखवलास कशाला?"

"पक्कं करायचं होतं."

"झालं पक्कं."

"मी कुठं जाऊ, दादा?"

त्यानं ट्यूब पाण्यातून काढली, पुसली, उगाच पुन्हा पुसली. "वर माळ्यावर जागा आहे. ये राहायला. तुझी वहिनी नाही म्हणणार नाही. पण सही मागू नकोस. जिवंत होते तोवर तोंडानं हाकललं, मेल्यावर लेखी दिलं. कायद्यानं माझं निम्मं मला मिळतंय, ते मी घेणार. खोली विकायची."

तिनं पाय धरायचे बाकी ठेवले. त्यानं दुसरी ट्यूब टबात बुडवली. शेवटी ती उठली. परतीच्या वाटेवर दोनदा गल्ली चुकली.

पुढच्याच महिन्यात दादा गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाइकानं भिंती ठोकून पाहिल्या, नळ सोडून पाहिला, खिडकी उघडून लावून पाहिली. दादा जिन्यातच थांबला, आत आला नाही. गिऱ्हाईक कोपऱ्यातल्या कपाटापाशी आलं.

"हे तेवढं घेऊन जा हं, बाई."

"ते इथं आतच जुळवलंय," ताई म्हणाली. "दारातून निघत नाही. उभंही नाही आणि आडवंही नाही."

"मग तोडा."

ताईनं जिन्याकडे पाहिलं. दादा पाठमोरा, कठड्याला टेकून उभा होता.

"कधीपर्यंत?" तिनं विचारलं.