हिऱ्याचे शिंग मीच कापले

"डॉक्टरसाहेब, पोळा होऊ द्या, मंग कापा," असे विनवत वसंतराव बैलाच्या मानेला मिठी मारून उभे होते. हिऱ्याचे उजवे शिंग मुळाशी हलत होते आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त ठिबकत होते.

नेर तालुक्यातील त्या गावात आज निराळेच सांगतात: धडधाकट शिंग मी उगाच कापले आणि सरपंचांनी आणलेल्या महाराजांच्या लेपाने ते पुन्हा उगवले. पशुवैद्यकीत हयात घालवलेल्या माणसाने हे मुकाट्याने ऐकावे, अशी कोणाची अपेक्षा असल्यास ती सोडून द्यावी.

बैलाचे शिंग मुळाशी पोकळ असते. त्या पोकळीच्या अस्तरातील पेशी बेबंद वाढू लागल्या, की आत मांसाचा गोळा भरतो आणि शिंग ढिले होते. हा शिंगाचा कॅन्सर. शिंग वेळेत मुळासकट काढले तर बैल वाचू शकतो. थांबलात, तर कॅन्सर कवटीत शिरतो.

"कॅन्सर म्हणे!" बघायला आलेले सरपंच गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा सावरत हसले. "बैल का खर्रा खाते?"

"खात नाही, तरी झाला. तुम्ही तर खाता; त्याच्यानंतर तुम्हीही तपासून घ्या."

वसंतरावांचे दुखणे वेगळे होते. पोळ्याच्या तोरणाखाली पहिला मान त्यांच्या बैलजोडीचा. "एका शिंगाचा बैल कसा उभा करू? लोक हासतीन ना!"

"आज थांबलो, तर उभा करायला बैलच उरणार नाही."

त्यांच्या पत्नी सुमनबाई गोठ्यातून कडाडल्या, "मान तुमचा, जीव त्याचा! कापा हो, साहेब."

वसंतरावांनी मिठी सोडली. भूल देऊन मी शिंग काढले. आत फुलकोबीसारखी गाठ होती. ती दाखवताच सरपंचांना तातडीची मीटिंग आठवली. महिन्याभरात जखम भरली. महाराजांनी लेप लावला, हे खरे. मात्र हिऱ्या डोके झटकताच घाबरून त्यांनी तो डाव्या, शाबूत शिंगाला फासला.

पोळ्याला वसंतरावांनी सुताराकडून सागवानी शिंग घडवून बाशिंगाला बांधले आणि दोन्ही शिंगांना एकच ऑइलपेंट दिला. परीक्षक सरपंच. त्यांनी उत्कृष्ट शिंगांचे बक्षीस हिऱ्याला देऊन माइकवरून लेपाचा गुण जाहीर केला. वसंतरावांनी बक्षीस घेतले आणि बाशिंगाची दोरी आणखी आवळली.

हिऱ्या आजही औत ओढतो. कापलेले शिंग पुन्हा उगवत नाही. उगवलीच तर गाठ उगवते, आणि तेवढ्यासाठी मी अधूनमधून त्याचे डोके तपासून येतो. कोणाला शंका असल्यास त्याने स्वतः हात फिरवून पाहावे. फक्त उजव्या बाजूने जावे. डावे शिंग खरे आहे.