नयनाबेनकडची चावी

मी फिनलंडला निघाले त्या दिवशी बाबा वापी स्टेशनपर्यंत सोडायला येणार होते. सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या घराला कुलूप लावून त्यांनी चावी शर्टाच्या खिशात टाकली. आई जाऊन वर्ष झालं होतं. आता घरात ते एकटेच उरणार होते. समोरच्या नयनाबेन दारात उभ्या होत्या.

"साहेब, एक चावी आमच्याकडे ठेवो ने. रात्री-अपरात्री काय झालं तर?"

बाबा हसले. "नयनाबेन, आमचं धोरण अलिप्ततेचं."

"ते तुमच्या शाळेत शिकवा. मला चावी द्या."

दिली नाहीच.

बाबा चिपळूणहून सिल्वासात मास्तर म्हणून आले, राज्यशास्त्र शिकवत निवृत्त झाले. कुणाच्या गोटात न शिरता उभा राहणारा देश त्यांना मनापासून आवडे. फिनलंड तेव्हा तसाच होता. कॉफी ब्रेकमध्ये लोक शेजारच्या मोठ्या देशाबद्दल जपून बोलत. मदतीला कोणी येणार नाही, हे धरूनच सगळं बांधलेलं: तरुणांना सक्तीची लष्करी सेवा, इमारतींखाली बॉम्बपासून आसरा देणारी तळघरं. आमच्या तळघरात सायकली ठेवलेल्या असत.

मग युक्रेनवर हल्ला झाला आणि पुढच्या वर्षी फिनलंड लष्करी युतीत गेला. तळघरं राहिली, सक्तीची सेवाही राहिली. माणसांचं बोलणं मात्र बदललं. 'आपली सीमा' म्हणताना त्यात आता दूरचे देशही येऊ लागले. माझा एक सहकारी राखीव सैनिक आहे. तो परदेशी तुकड्यांबरोबर सरावाला जाऊन आला आणि म्हणाला, "आम्हाला मदत मागताच येत नाही. तेही शिकावं लागतंय."

फोनवर मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "सही एका दिवसात होते गं. दुसऱ्याचं दार आपलं वाटायला पिढी जाते."

त्याच आठवड्यात त्यांनी नयनाबेनना चावी दिली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी बाबांनी दार उघडलं नाही. नयनाबेननी बेल वाजवली, हाका मारल्या, घरी जाऊन पुन्हा आल्या. चावी त्यांच्या देवघराशेजारी खिळ्याला होती. दुपारी त्यांनी चावीने दाराचं लॅच उघडलं, तेव्हा बाबा मोरीजवळ पडलेले होते. थोडं आधी आणलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

"मला वाटलं, न विचारता आत गेलेलं साहेबांना नाही गमणार, नाही आवडणार," बाबांच्या अंत्यविधीला मी पोहोचले तेव्हा मला धरून नयनाबेन रडत होत्या. इतकी वर्षं बाबांनीच त्यांना उंबऱ्याबाहेर थांबायला शिकवलं होतं.

ती चावी अजून त्यांच्याकडेच आहे. त्या रोज आत जाऊन खिडक्या उघडतात. इकडे फिनलंडमध्ये माझी चावी मी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना दिली. दर शनिवारी बेल न वाजवता आत यायचं, असं ठरवून घेतलं. सराव. सुरुवातीला त्या दारातच अवघडून उभ्या राहायच्या. काल मी ओट्याशी असताना कुलपात चावी फिरली आणि पावलं थेट आत आली.

घर म्हटलं की आता मला तेवढाच आवाज ऐकू येतो. टोकरखाड्याच्या दारात तो एकदा, सकाळी, व्हायला हवा होता.