मावशीची दोन बोटं

मावशीचं शिलाईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीन, इस्त्री, गळ्यात टेप आणि नाकाच्या शेंड्यावर नवाकोरा चष्मा. तिने शिवलेला कपडा कुणाला आवळला, असं कधी ऐकलंय? छे! पोटभर जेवून उठलं तरी बटण हूं की चूं करत नसे. मावशीला त्याचा तोरा होता, आणि का नसावा?

शाळा सुटली की भाची तिच्याकडेच यायची. त्या दिवशी आली ती घर डोक्यावर घेतच. "मावशी, टेप दे! घरातल्या गोल वस्तू मोजायच्यात. घेराला रुंदीने भागायचं. वाटी असो नाहीतर बादली, बाई म्हणाल्या, उत्तर एकच, तीनच्या जरासं वर. उद्या वर्गापुढे दाखवायचंय, मीच हात वर केला!"

"मग अडलंय कुठं? घेर मी घेते, तू पट्टीने रुंदी बघ."

बादली झाली, पातेलं झालं, वाटी झाली. भाचीने भागाकार केले आणि तिचं तोंडच उतरलं. बादली सव्वातीनच्या वर, पातेलं त्याहून पुढे आणि वाटी तर साडेतीन ओलांडून गेलेली. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच.

"मावशी, तुझंच माप चुकतंय."

असं मावशीला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. चष्मा लागला तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. आता हातही गेला की काय? गिऱ्हाइकाचं भारी कापड टेबलावर कापायचं पडलं होतं. ती मटकन स्टुलावर बसली. त्या कापडाला कात्री लावायची तिला भीतीच वाटली.

"अगं, अशी काय बसलीस? परत घे, मी जवळून बघते."

मावशीने वाटीला टेप गुंडाळली. भाचीने नाक अगदी वाटीला टेकवलं आणि ती किंचाळलीच, "बोटं! टेपच्या आत तुझी दोन बोटं आहेत!"

होतीच की! माणसाचं माप घेताना श्वासाला जागा हवी म्हणून टेपखाली दोन बोटं सरकवायची, ही हाताची जन्माची खोड. वाटीलाही तिने ऐसपैस माप दिलं होतं.

"वाटी काय जेवून फुगणारे?" भाची पोट धरून हसली. मावशीही हसली, डोळे पुसत पुसत. हात जागेवर होता तर!

पण ती बोटं कसली ऐकतात! दर वेळी चोरासारखी आत शिरायची. शेवटी भाचीने ती चिंधीने तळहाताशी बांधूनच टाकली. मग कुठे बादली, पातेलं, वाटी सगळी सरळ आली, तीनच्या जरासं वर.

"वर्गात बोटांचीच गोष्ट सांगते बघ," भाची म्हणाली.

"सांग खुशाल. आता उभी राहा, तुझा फ्रॉक आखूड झालाय." मावशीने चिंधी सोडली आणि भाचीच्या छातीभोवती टेप फिरवली.

"मावशी, बोटं!"

"असू देत. तू वाटी नाहीस," मावशी म्हणाली आणि तिने माप घेतलं.