काटेकाकांचं गुडघे टेकणारं विमान

विमानतळाच्या माल-विभागात चौतीस वर्षं वजनकाट्याशी उभा राहिलेल्या माणसाला लोक काटेकाका म्हणत, यात नवल नाही. नवल हे, की काका अंगापिंडाने असे होते की त्याच काट्यावर चढले असते, तर दखल घ्यावी की नाही याचा काट्याने जरा विचार केला असता. त्यांचं काम मात्र जड होतं. कुठलं खोकं किती वजनाचं आणि ते विमानाच्या पोटात नेमकं कुठे बसवायचं, हे ठरवणारे तेच. जड माल पंखांपाशी, हलका माल टोकांना. यात चुकलं तर उभं विमान सावकाश नाक वर करून शेपटीवर बसतं. काकांनी उमेदवारीच्या दिवसांत असं एक विमान बसलेलं पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्यांचा जगातल्या कशावर विश्वास उरला नव्हता. ना कागदावर, ना साहेबाच्या घाईवर, ना कुणाच्या ‘अंदाजे’वर.

हा अविश्वास ते डब्यासोबत घरी घेऊन येत. घरातलं कपाट त्यांनी तीनदा हलवलं, कारण मजल्याचा तोल त्यांना पटत नव्हता. प्रवासाला निघाले की बॅगा गाडीच्या कुठल्या अंगाला ठेवायच्या यावर ते एवढा वेळ घालवत, की काकू म्हणत, “मी संसार केला नाही हो, गोदाम सांभाळलं.”

लेकीच्या लग्नात तर कहर झाला. दोन्ही घरची मंडळी फोटोसाठी लाकडी मंचावर चढली. काकांनी एकदा मंचाकडे पाहिलं, एकदा मंडळींकडे पाहिलं, आणि सगळ्यांच्या देखत विहीणबाईंना म्हणाले, “तुम्ही जरा मध्यावर सरकता का? कडेला राहिलात तर हे मागे बसेल.” विहीणबाई सरकल्या. त्या फोटोत त्या सोडून सगळे हसताहेत. व्याही त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. मुलाकडचे असून बोलले नाहीत, म्हणजे त्यांनी मनात ठेवलं, हे काकूंनी तिथेच ओळखलं.

हे व्याही बंदरात क्रेन चालवत. अंगाने दांडगे, आवाजाने त्याहून दांडगे. उंच केबिनमध्ये बसून आयुष्यभर खाली ओरडल्यामुळे समोरच्या खुर्चीतल्या माणसाशीही ते तसेच बोलत. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हाच त्यांनी मनात ठेवलेलं बाहेर काढलं.

“विमानात भरता काय हो तुम्ही? फुलं, औषधं, मोबाईल. टपाल हो, टपाल! माल बघायचा तर बंदरात बघावा.”

काकांचा घास हातातच राहिला. विमानाला कुणी टपाल म्हटलं, की आपल्याच पोराला कुणी मठ्ठ म्हटल्यासारखं त्यांना वाटे. ते उठले आणि कपाटातून जुन्या मासिकांच्या कात्रणांची फाईल घेऊन आले. काकूंनी कपाळाला हात लावला.

“हे बघा. अख्खं लाकडाचं विमान. आठ इंजिनं. पाण्यावरून उडायचं.”

“किती वर्षं उडालं?”

“एकदाच,” काका जरा दबकून म्हणाले. “मैलभर.”

“मग ते उड्डाण कसलं? ती उडी झाली!”

काकांनी दुसरं कात्रण पुढे केलं. रॉकेटचे सुटे भाग नेण्यासाठी एका साध्या प्रवासी विमानाचं पोट फुगवलं होतं, म्हणून लोक त्याला पोटुशी मासोळी म्हणत. तिच्यात माल भरायचा, तर मागचा अर्धा भागच वेगळा काढावा लागे. विहीणबाईंनी कौतुकाने चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, “अगंबाई, हिला बरं कुणी मध्यावर सरकायला सांगितलं नाही!” काकूंना ठसका लागला.

शेवटी काकांनी सहा इंजिनांचं, बत्तीस चाकांचं विमान काढलं. अंतराळयान पाठीवर घेऊन उडणारं. व्याही पहिल्यांदा पुढे वाकले. “हे कुठाय आता?”

“लढाईत जळलं,” काका म्हणाले. “एकच होतं.” आवाज असा झाला की घरातलंच कुणी गेलंय. व्याह्यांनी कात्रण हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाले, “एकुलतं एक होतं, तर जपायचं नाही का?” आणि पुन्हा वाढून घेतलं.

पण ठिणगी पडली ती गुडघ्यांवरून. त्या जळलेल्या विमानाचं धाकटं भावंड अजून उडतं, असं काकांनी सांगितलं. चोवीस चाकांचं. माल काढायचा तर ते आपलं नाक अख्खंच्या अख्खं वर उचलतं, पुढचे पाय दुमडतं आणि गुडघे टेकून बसतं.

व्याही इतके हसले की त्यांच्या ताटाशेजारचा पेला कलंडला. “विमान गुडघे टेकतं! उद्या म्हणाल, पाया पडून आशीर्वाद मागतं!”

“आपल्या विमानतळावर येऊ दे एकदा. दाखवतो.”

“या डोळ्यांनी बघेन, तेव्हा मानेन.”

त्यानंतर चार वर्षं ते विमान आलं नाही. येईल कसं? ते यायला तसाच अवजड आणि तसाच घाईचा माल लागतो, आणि या गावाला घाई कधीच नव्हती. चार वर्षं प्रत्येक जेवणाला व्याही हात धुता धुता विचारत, “काय व्याहीबुवा, टेकले का गुडघे?” काका हसून साजरं करत, पण आत जळत. सेवानिवृत्ती जवळ आली तशी त्यांना एकच काळजी लागली. भविष्यनिर्वाह निधीची नाही, गुडघेदुखीचीही नाही. आपल्या नोकरीत ते विमान यावं, आपल्या हाताने त्यातला माल उतरावा आणि शेजारी उभ्या असलेल्या व्याह्यांनी तोंडाने म्हणावं, ‘मानलं.’ बस्स. माणसाला आयुष्यात मागायचं असतं ते असं काहीतरी चिमूटभर असतं, आणि नेमकं तेच मिळत नाही.

मग एके दुपारी व्याह्यांचा फोन आला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. काकांना आधी वाटलं फोन बिघडला.

“अहो, आमची मोठी क्रेन बसली. गिअरबॉक्स गेला.”

“अरेरे,” काका म्हणाले. खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं.

“नवा परदेशातून येतोय. जहाजाने सहा आठवडे लागतील, आणि इथे जहाजं रांगेत उभी आहेत. खोकं पावणेचार मीटर उंच. साध्या विमानाच्या दारात मावत नाही म्हणतात.” व्याही खाकरले. “तर ते तुमचं... गुडघेवालं... ते येतंय म्हणे. शुक्रवारी. ताब्यात घ्यायला मलाच पाठवताहेत.”

शुक्रवार हा काकांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. काकांनी फोन ठेवला, पंख्याखाली बसले आणि काकूंना हाक मारून पाणी मागितलं.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी खास परवानगी देऊन काकू आणि विहीणबाईंना कँटीनच्या गच्चीवर उभं केलं. काकांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. व्याही पिवळं हेल्मेट घालून ट्रेलरशेजारी उभे होते. आणि ते विमान आलं. धावपट्टीवर उतरलं तेव्हा पायाखालची फरशी थरथरली. ते येऊन थांबलं, इंजिनं शांत झाली, मग त्याचं थोरलं नाक हळूहळू वर उचललं गेलं. वर, आणखी वर. पुढचे पाय दुमडले. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला आणि एवढं प्रचंड ते धूड गुडघे टेकून बसलं.

ज्या क्षणाची काकांनी चार वर्षं वाट पाहिली, त्या क्षणी ते विमानाकडे बघतच नव्हते. व्याह्यांकडे बघत होते. व्याह्यांचं तोंड उघडं होतं. आता म्हणतील, आता म्हणतील, असं काकांना वाटलं. पण व्याह्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, “आधी माझा माल खाली उतरू दे.”

आत छताला बसवलेल्या क्रेनने खोकं उचलून ट्रेलरवर आणायचं होतं. सव्वीस टन. कागदावर लिहिलं होतं की खोक्याच्या तोलाचा बिंदू, म्हणजे उचलायची जागा, जड टोकापासून दीड मीटरवर आहे. पण जड टोक कुठलं, हे सांगणारी पाटी प्रवासात उखडून पडली होती. विमानाची माणसं मधल्या मुक्कामी बदलली होती, त्यामुळे आतला माल सांभाळणाऱ्या परदेशी लोडमास्टरलाही ठाऊक नव्हतं. त्याने काकांकडे पाहिलं. काका हसले. चौतीस वर्षं विमान भरणाऱ्याला हे विचारायचं? जड बाजू नेहमी पंखांकडे, म्हणजे आतल्या अंगाला. त्यांनी आतल्या टोकापासून दीड मीटर मोजलं आणि खोक्यावर लाल खडूने झोकदार रेघ ओढली. लोडमास्टरने मान डोलावली. तोही त्याच शाळेतला. पट्टे त्या रेघेवर आवळले गेले.

“उलटं बांधलंय!”

मागोमाग आत चढलेल्या व्याह्यांचा आवाज. तो केबिनवरून द्यायचा आवाज होता, बंद जागेत तो घंटेसारखा घुमला. सगळे थबकले.

“तुम्ही खाली उभे राहा हो,” काका दबक्या आवाजात म्हणाले. “हे विमान आहे, बंदर नव्हे.”

“खोकं विमानवाल्यांनी नाही, कारखान्यातल्या क्रेनवाल्यांनी ठेवलंय. क्रेनवाला जड टोक दाराकडे ठेवतो, क्रेनच्या गळाला आधी तेच लागतं. खोक्याखालचे लाकडी ओंडके बघा की!”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. लोडमास्टरने काकांकडे पाहिलं. गच्चीवरून दोन बायका बघत होत्या. काकांना वाटलं, आज नको. काहीही होवो, पण आज नको, आणि या माणसाकडून तर मुळीच नको. तरीही ते वाकले, कारण न बघता कुणाचं खरं मानायचं नाही, तसंच न बघता कुणाचं खोटंही मानायचं नाही, एवढी त्यांची सचोटी जुनी होती. आतल्या बाजूचे ओंडके कोरे करकरीत होते. दाराकडचे ओंडके दबून चिरले होते.

त्या रेघेवर खोकं उचललं असतं, तर ते कलंडून व्याह्यांच्या माणसांवर आलं असतं.

काकांनी शिट्टी फुंकली. मग सरळ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “थांबवा. खूण चुकली. माझी चुकली.” त्यांनी रुमालाने ती झोकदार रेघ पुसली, दाराकडच्या टोकापासून नवी ओढली आणि शिट्टी व्याह्यांच्या हातात दिली. “तुमचा माल. तुम्ही उतरवा.”

व्याह्यांनी शिट्टी घेतली. पुढचा अर्धा तास मात्र ते इतक्या हळू आवाजात सूचना देत होते, की माणसांना कान टवकारावे लागले. खोकं तीळभर न झुकता ट्रेलरवर टेकलं.

काका कुणाशी न बोलता कँटीनच्या जिन्याकडे निघाले. शेवटच्या दिवशी, चार वर्षांच्या वैऱ्यासमोर, एवढ्या माणसांत नाक कापलं गेलं होतं. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर व्याह्यांनी त्यांना गाठलं.

“मानलं,” व्याही म्हणाले.

“कशाला जखमेवर मीठ चोळता?”

“अहो, मनापासून. चार हजार मैलांवरून आलं नि माझ्या क्रेनसाठी गुडघ्यांवर बसलं. तुमचं खरं होतं. विमान ते विमान.”

“काय खरं होतं? ओंडके कुणी पाहिले? तुम्ही. क्रेनवाला ते क्रेनवाला.”

“पण शिट्टी कुणी फुंकली? मी ओरडलो हो, ओरडायला काय जातं! आपली चूक चारचौघांत मी नसती सांगितली.”

“उगाच मोठेपणा देऊ नका मला!”

“मी देतोय तर घ्या की! एवढी वर्षं मागत होतात ना?”

“मला नको!”

आवाज चढले. लोडर चहाचे कप घेऊन जमले. वरून विहीणबाई काकूंना म्हणाल्या, “इतकी वर्षं आपलंच खरं म्हणून भांडले. आता तुमचंच खरं म्हणून भांडताहेत.” काकू म्हणाल्या, “माझे आई, भांडू दे. निदान हे नवीन आहे.”

भांडण एवढं रंगलं की विमानाने पाय सरळ केले, नाक मिटलं आणि ते धावपट्टीकडे गेलं, याचा दोघांनाही पत्ता नव्हता. फरशी थरथरली तेव्हा काकांनी वैतागून व्याह्यांना सांगितलं, “जरा मोठ्याने बोला, ऐकू येत नाही.” आवाज ओसरल्यावर दोघांनी एकदमच मान वळवली. धावपट्टी मोकळी होती. आभाळात काही नव्हतं.

“गेलं वाटतं,” व्याही चाचरत म्हणाले. “तुम्हाला उडताना बघायचं असेल ना?”

काकांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. मग जिन्यावरच बसले आणि शेजारची जागा हाताने झटकून व्याह्यांना बसायला सांगितलं.

“क्रेन कधी चालू होईल तुमची?”

“सोमवारपर्यंत. का हो?”

“सोमवारी मला सुट्टी आहे,” काका म्हणाले. “मंगळवारीही आहे. आता रोजच आहे, आणि घरी बसून करायचं काय या विचाराने महिनाभर मला झोप नाही. तुमचं बंदर एकदा दाखवाल का?”