माझ्या सायकलीची कुलपं

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीन माणसं एकाच मुलखात दहा वर्षं सायकल चालवत राहिली की ते आपोआप साठतात! सुप्याच्या रानात आम्ही तिघेच सायकलवाले: शाळेचे मास्तर, फॉरेस्ट गार्ड आणि बेळगावच्या साप्ताहिकाचा बातमीदार मी. ते दोघे आमचे किस्से हसत सांगतात. मला हसू येत नाही, कारण त्यात चौथा माणूस आहे. अणशीचा बुधो. डोंगरात भात पिकवणारा. त्याला गावच्या पंचांत घ्यायचं घाटत होतं, आणि त्यासाठी त्याच्याजवळ चांगल्या नावाखेरीज दुसरं काहीही नव्हतं.

*

कुलपाचा हट्ट माझा. पुण्यात कॉलेजात असताना माझी पहिली सायकल चोरीला गेली, तेव्हापासून चोर म्हटला की माझं डोकं फिरायचं.

एकदा बुधोच्या अंगणात मी सायकल साखळीनं खांबाला बांधत होतो. तो म्हणाला, "हिला नेऊन करायचं काय, दादा? बसाय येतंय ते तुमा तिघांस्नीच. गेली तर चोर त्या दोघांतलाच एक!"

"तुला काय कळतंय?" मी खेकसलो.

"न्हाई बा," म्हणाला, आणि माझ्यासाठी ताक आणायला आत गेला.

*

खानापूरच्या दुकानातून आम्ही तिघांनी एकसारखी कुलपं आणली. आठवड्याच्या आत मास्तर माझी सायकल घेऊन शाळेत गेले!

"किल्ली लागली, म्हणून माझीच समजलो," म्हणाले.

पाहतो तर तिन्ही किल्ल्या तिन्ही कुलपांना लागत होत्या! मी तडक खानापूर गाठलं आणि दुकानात उभं राहून तोंड सोडलं. शेट जागचा हलला नाही.

"सोय बघा की ओ! एकाची किल्ली हरवली तर दुसऱ्याची हायच!"

*

मास्तरांनी मग कुलूपच सोडून दिलं. सायकलीची सीट काढून वर्गात टेबलाखाली ठेवू लागले. बिनसीटची सायकल कोण नेणार?

एका दुपारी सायकल जागच्या जागी, आणि सीट गायब! सहा मैल उभ्यानं पेडल मारत मास्तर घामाघूम होऊन आले. गार्ड त्यांच्या दारातच उभा होता.

"दमलात की मास्तर! बसत का न्हाई?"

*

मी साखळी सोडली नव्हती. कुळगीच्या वाटेवर एका कोवळ्या सागाला सायकल बांधून लाकडांच्या डेपोत बातमी घ्यायला गेलो. परत येतो तो सायकल अलगद आडवी निजवलेली, साखळी आणि कुलूप शाबूत, आणि साग बुंध्यापासून तोडून नेलेला! ज्यानं नेला त्याला सायकलीची गरजच नव्हती.

मी गार्डाकडे तक्रार नेली. त्यानं कागद पुढे ओढला.

"सायकलीचं ऱ्हाऊ द्या. सरकारी सागाला शेवटचा हात कुणी लावला, ते बोला!"

जबाब माझाच लिहून घेतला.

*

मग बेळगावहून नवं कुलूप आणलं. मागच्या चाकावर बसणारं, साखळी नाही, काही नाही. ते कुलूप म्हणून ओळखूच येत नाही, हाच त्याचा गुण, असं दुकानदार म्हणाला होता.

उळवीच्या जत्रेत ते लावून मी देवळात गेलो. बाहेर आलो तर सायकल नाही! नारळवाला म्हणाला, "अणशीचा बुधो डोईवर घेऊन गेला की."

कुठे गेला, कशाला गेला, हे दोन प्रश्न मी विचारले नाहीत. जन्मभर पोटासाठी तेच दोन प्रश्न विचारत आलोय! त्याच दिवशी बातमी टपालात टाकली: 'उळवीच्या जत्रेत सायकलचोर! अणशीच्या बुधोचे कृत्य.'

पुढच्या आठवड्यात अंक छापून आला आणि दुसऱ्याच दिवशी बुधोचा निरोप आला, घरी या. मी पायी निघालो. वाटभर त्याला काय काय सुनावायचं ते जुळवत होतो.

अंगणात पाच-सहा म्हातारे पंच बसले होते. मधोमध माझी सायकल, पुसून लख्ख केलेली. बुधोनं मागचं चाक उचलून गरकन फिरवून दाखवलं.

"उन्हात तापत हुती, म्हणून सावलीत ढकलाय गेलो, तर चाकच फिरंना. लोखंड अडकलं हुतं, दादा! कुळगीच्या लोहाराकडं न्हेली. तो गाड्यांच्या कामात हुता, चार दिस बसवून ठेवलं, पण त्यानं तोडून काढलं बघा."



तो आत गेला आणि साप्ताहिकाचा अंक दोन्ही हातांत धरून बाहेर आला.

"पेपरात माझं नाव आलंय म्हणं. मास्तरास्नी वाचा म्हटलं, तर म्हणत्यात, ज्यानं लिवलंय त्यालाच सांग."

अंक त्यानं माझ्या हातात ठेवला आणि पंचांच्या शेजारी जाऊन बसला.

"मोठ्यानं वाचा, दादा. थोरला पंच कानानं जरा कमी हाय."